पेडल किती वेळा

५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ११.
गाडी आली. तेशिमा मेकॅनिकने चालवत आणून अंगणात लावली. तांबडी, बुटकी, दोन दारांची. वय चाळीस. आत रोटरी इंजिन. खालीवर होणारे पिस्टन नाहीत, तिकोनी रोटर गोल फिरतो. दादाने हे मला आजवर पन्नास वेळा समजावलं असेल. आता ती माझी.

नवी वही आहे म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो. दादा म्हणजे मोरिहिको, माझा थोरला भाऊ, पंचाहत्तर वर्षांचा. जन्मभर कारखान्यात इंजिनं तपासायच्या खोलीत होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टर दोन महिने म्हणतात. गेल्या आठवड्यात तो हट्टाने मियोशीला गेला, डोंगरातल्या शुश्रूषागृहात. इथे कुरे शहरात, आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर, हॉस्पिटलात काय वाईट होतं कळत नाही. मी रोज जात होतो. दहा ते एक आणि तीन ते सहा. पेपर वाचून दाखवायचो, उशी नीट लावायचो, नर्सना आहाराबद्दल सांगायचो. दादा डोळे मिटून ऐकायचा. हवापालटासाठी गेला असावा.

जाताना म्हणाला, तात्सुओ, गाडी तुला. मरायच्या आधी तिचा आवाज एकदा ऐकायचाय. पण तिच्यातूनच ये. ट्रेनने नको, बसने नको, तुझ्या सायोकोच्या डबड्या गाडीतून तर नकोच. तू स्वतः चालू करून आणलीस तर ये, नाहीतर येऊ नको. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनाही भरून आलं असणार.

त्याला मूलबाळ नाही. तरी गाडी तेशिमाला देता आली असती. मला दिली.

तेशिमाने शिकवलं. चोक ओढा. पेडल एकदा तळापर्यंत दाबा आणि सोडा. पाय बाजूला. मग चावी. एकदाच हां साहेब, त्याने बोट दाखवून सांगितलं. मी कार्डावर लिहून काचेला लावलं. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर अडतीस वर्षं काढली आहेत मी. सूचना पाळणं आणि पाळायला लावणं, दोन्ही येतं.

संकल्प: सोमवारी मियोशी. ऐंशी किलोमीटर. उद्या नाही, उद्या वस्तीची सफाई.

६ ऑक्टोबर, रविवार.
पहिल्या चावीला चालू झाली!

सफाईनंतर सगळे शेजारी गल्लीतच होते. चोक, पेडल एकदा, चावी. दोन मीटर पुढे घेतली. वस्तीत इंजिन चालू ठेवून बसणं बरं दिसत नाही, म्हणून अर्ध्या मिनिटात बंद केली. शेजारच्या ओरिताबाई म्हणाल्या, बाई बाई, केवढी दमदार आहे हो तुमची गाडी. भिंत हलली आमची. कौतुकाची बाई आहे.

सायोकोला म्हटलं, बघितलंस? उपजत पाय लागतो. ती म्हणाली, अहो, मग आत्ताच का नाही गेलात?

बायकांना नियोजन कळत नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार. पहाटे ५.४०.
नाही झाली. पेडल एकदा. मग दोनदा. मग मोजलं नाही.

७ ऑक्टोबर. दुपार.
तेशिमा येऊन गेला. चार प्लग काढले, चारही पेट्रोलने ओले. विचारलं, काल किती वेळ चालवलीत? अर्धा मिनिट, म्हटलं. त्याने डोळे मिटले. म्हणाला, साहेब, ही गार असताना चालू करून लगेच बंद करायची नसते. पेट्रोल आतच राहतं, इंजिन बुडतं. एकदा चालू झाली की पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मी म्हटलं, शेजारी काय म्हणतील? तो म्हणाला, शेजारी की गाडी, एक ठरवा.

बुडाली तर उपाय सांगितला. पेडल तळाला धरून ठेवायचं आणि चावी फिरवायची. धरायचं, मारायचं नाही. कार्डावर लिहिलं.

दादाला फोन केला. म्हटलं, आज जमलं नाही, बुडाली. तो हसायला लागला. हसत राहिला. मग खोकला. मग वहिनींनी फोन घेतला, म्हणाल्या, भावोजी, आज फार खूश झाले हो ते. किती दिवसांनी हसले.

आजारी माणसाला हसवणं हे औषधाचं काम आहे. डॉक्टरांना जमलं नाही ते मी केलं.

९ ऑक्टोबर, बुधवार.
सायोकोने गाण्याचा वर्ग लावला. दर बुधवारी. सकाळी आठला गेली, संध्याकाळी सातला आली. इतकं कसलं गातात विचारलं, तर म्हणाली, लांब आहे. तिला छंद नव्हता, बरं झालं.

जाताना म्हणाली, अहो, ट्रेनने जा ना. अडीच तासांत पोचाल. मी म्हटलं, शब्द दिलाय. ती म्हणाली, शब्द तुम्ही दिलात की त्यांनी घेतला? यात फरक काय ते मला समजलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ६.
पेडल एकदा. नाही.

११ ऑक्टोबर. सकाळी ५.५०.
एकदा. नाही. पुन्हा एकदा. हेही एकदाच झालं, वेगळ्या प्रयत्नातलं. पुन्हा एकदा. असे अकरा ‘एकदा’ झाले. बॅटरी संपली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.
वस्तीची फिरती पाटी आली. घरोघर जाते, वाचून शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. सूचना एकच होती. काही घरांतून पहाटे वाहनाचा आवाज येतो, सर्वांनी एकमेकांचा विचार करावा ही नम्र विनंती. कोपऱ्यावर एक मोटारसायकल आहे. वेळेवर बोलले ते बरं झालं. शिक्का मारला, खाली ‘पूर्ण सहमत’ असंही लिहिलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ६.१०.
धरली! दहा सेकंद! अंगणभर धूर, पडवीच्या काचा थरथरल्या. मग विझली. पण धरली. कार्ड, शिस्त, पेडल एकदाच. रहस्य कळलं. उद्या मियोशी नक्की.

ओरिताबाईंनी सकाळीच संत्री आणून दिली. म्हणाल्या, तुम्ही किती लवकर उठता हो, आमचंही उठणं होतं त्या निमित्ताने. माझ्यामुळे एका घराला चांगली सवय लागली.

१८ ऑक्टोबर. संध्याकाळ.
दादाला फोनवर सांगितलं, धरली म्हणून. या खेपेला तो हसला नाही. मग विचारलं, किती वेळा दाबलंस? म्हटलं, एकदा, तेशिमाने सांगितल्याप्रमाणे. दादा म्हणाला, तेशिमाला काय कळतंय, तो डबे धुणारा माणूस. गाडी चाळीस वर्षं मी चालवली की त्याने? थंडी सुरू झाली की पाच वेळा दाबायचं. भराभर. घाबरायचं नाही.

मी विचारलं, पाच? नक्की? म्हणाला, गाढवा, मरणारा माणूस खोटं बोलेल का?

उभ्या आयुष्यात दादाने मला कुठली गोष्ट मनापासून शिकवली नव्हती. पोहणं नाही, गाडी नाही. एकदा बंदरावरून पाण्यात ढकललं होतं, ते शिकवणं म्हणून मोजलं तर एक. आज त्याने त्याचं गुपित दिलं. कार्डावरचा ‘एकदा’ खोडून ‘पाच’ लिहिलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार.
पाच वेळा. भराभर. नाही झाली. पेट्रोलचा वास स्वयंपाकघरापर्यंत. सायोकोने भाताचे गोळे करून डब्यात भरले होते, प्रवासासाठी. ते इथेच खाल्ले, गाडीत बसून.

तेशिमा आला. प्लग काढले. म्हणाला, हे काय, आंघोळ घातलीत की काय? किती वेळा दाबलं? पाच. कुणी सांगितलं? दादाने.

तो प्लग पुसत होता. थांबला. मोरिहिकोसाहेबांनी? स्वतः? पाच? मग प्लग परत पुसायला लागला. म्हणाला, ते म्हणतात तर तसंच करा.

थोरल्या माणसाचा अनुभव मान्य करायला मोठेपणा लागतो. तेशिमाकडे तो आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार.
पाच. नाही. काल बुधवार, सायोको गाण्याला गेली होती. घसा बसलेला नव्हता, डोळे मात्र सुजले होते. दुःखी गाणी घेत असतील.

२७ ऑक्टोबर, रविवार.
सरावाचं नवं वेळापत्रक.
जेवताना टेबलाखाली पायाखाली स्पंज ठेवून पाच वेळा दाबणं, दोन्ही वेळा. टीव्ही बघताना डाव्या पायाला आराम, उजव्याला काम. सायोको म्हणाली, अहो, सूप हलतंय. म्हटलं, हलू दे.

अडचण पायाची नाहीच. दाबण्याच्या वेगाची आहे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार.
फिरती पाटी पुन्हा. ‘तांबडे वाहन असलेल्या घराने’ असं लिहिलंय. कोपऱ्यावरची मोटारसायकल तांबडीच आहे, टाकीपुरती. शिक्का मारला. या खेपेला काही लिहिलं नाही. त्या माणसाला आधीच वाईट वाटत असेल.

४ नोव्हेंबर, सोमवार.
मियोशीत सकाळी धुकं असतं म्हणे, समोरचं दिसत नाही. अशा हवेत नवख्या गाडीने जाणं बरोबर नव्हतंच. जे होतं ते बऱ्यासाठी.

दादाचा आवाज फोनवर बारीक झालाय. मी म्हटलं, अजून झाली नाही रे. म्हणाला, असू दे, असू दे. घाई करू नको. आज काय काय केलंस ते सांग. मी अर्धा तास सांगितलं. मधे त्याने फोन ठेवला होता की काय, कारण शेवटी वहिनीच बोलल्या. म्हणाल्या, झोपलेत हो, तुम्ही सांगत होतात तेवढ्यात. शांत झोप लागली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार.
एक कल्पना सुचली. दादाला हवाय तो आवाज. आवाज मिळाला की झालं. इंटरनेटवर रोटरीच्या आवाजाचे शंभर तरी व्हिडिओ आहेत. एक चांगला निवडला, तांबड्याच गाडीचा. दादाला फोन लावून तो अंगणात नेला, गाडीचं दार एकदा आपटलं, मग व्हिडिओ लावला. दोन मिनिटं.

दादा शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, ही कुणाची? मी म्हटलं, तुझीच. म्हणाला, ही दहा वर्षांनंतरची आहे, हिला कार्बोरेटर नाही. मागच्या रोटरचा सील गेलाय. चालवणारा तुझ्यासारखाच आहे, उगीच रेस करतोय. आणि मागे पाऊस पडतोय. कुरेत पडतोय का? मी बाहेर बघितलं. ऊन होतं.

म्हणाला, तात्सुओ, तुला खोटंही बोलता येत नाही. निदान इंजिन तरी बुडव नीट.

त्याचा राग हा राग नसतो. लहानपणापासून बघतोय. कान मात्र अजून शाबूत आहे, हे त्यातून कळलं. डॉक्टरांना कळवायला हवं.

९ नोव्हेंबर.
तेशिमाने नवी बॅटरी बसवली. जाताना म्हणाला, साहेब, एक सांगू? एक दिवस बसने जाऊन या. मी कुणाला सांगणार नाही. मी त्याला दादाचा शब्द समजावला. तो म्हणाला, समजलाय मला. तुमच्या आधी समजलाय.

मग अंगणातून जाता जाता थबकला. म्हणाला, नाहीतर एकदाच दाबून बघा. दादांना सांगू नका. मी म्हटलं, मरणाऱ्या भावाच्या पाठीमागे? त्याने मान हलवली आणि गेला.

१३ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी.
थंडी वाढली. पाच पुरत नसणार. रात्री दादाला विचारलं होतं. बोलायला त्रास होत होता. म्हणाला, सात. वहिनी मागून काहीतरी पुटपुटल्या, अहो पुरे आता, असं काहीतरी. तो म्हणाला, सात, आणि चोक पूर्ण ओढून ठेव, आत ढकलू नको.

सात. चोक पूर्ण. धुराडं काळं झालं. नाही.

सायोको बुधवारी घरी नसल्याने कुणाला काही सांगता येत नाही.

१४ नोव्हेंबर.
सायोको म्हणाली, दादा फार थकलेत, आता पाणीही चमच्याने घेतात. तुला कसं कळलं? अंदाज, म्हणाली. तिचे अंदाज हल्ली बारीकसारीक असतात. कुठल्या हाताला सलाइन आहे तेसुद्धा.

२० नोव्हेंबर, बुधवार.
सात. नाही. पेडल धरून बघितलं. पायाला राहवत नाही, तो मारतोच. तक्रार खिडकीवर मी खालून असाच पाय हलवत बसायचो, समोरच्याला दिसायचं नाही. सवय कामाची होती. अडतीस वर्षं शांत चेहरा टिकला तो त्या पायावर.

ओरिताबाईंचे मिस्टर फाटकाशी आले. झोपेच्या कपड्यांत. कमरेत वाकून म्हणाले, माफ करा, आमच्या हिला झोपेच्या गोळ्या चालू केल्यात, म्हणून तुम्हाला त्रास तर होत नाही ना विचारायला आलो. मी म्हटलं, मुळीच नाही. तेही म्हणाले, मुळीच नाही. दोघेही वाकलो. लोक काळजी करणारे आहेत.

२४ नोव्हेंबर, रविवार.
गेले चार दिवस फोनवर दादा येत नाही. वहिनीच बोलतात. रोज विचारतात, आज? मी म्हणतो, आज नाही. त्या म्हणतात, बरं. मला त्यांच्या त्या ‘बरं’चा आधार वाटतो. दुसरी कुणी असती तर दोष दिला असता.

संकल्प: गुरुवारी, काहीही होवो.

२७ नोव्हेंबर, बुधवार. रात्री.
वहिनींचा फोन. आता या, म्हणाल्या. डॉक्टर म्हणतात उद्याचा दिवस. मी विचारलं, दादाने बोलावलंय? त्या म्हणाल्या, नाही. पण तुम्ही भाऊ आहात. कसेही या. मी म्हटलं, वहिनी, उद्या पहाटे गाडी घेऊनच येतो. तो ऐकेल आणि मग जाईल.

सायोको उशिरा घरी आली. ओव्हरकोट न काढता तशीच बसली. उद्या माझ्या गाडीतून जाऊ, पाच वाजता, म्हणाली. मी म्हटलं, तू मागून ये.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. पहाटे ४.५०.
सात.

५.०५.
सात. सायोको फाटकाशी, तिची गाडी चालू. म्हणते, चला.

५.२०.
धरल्यासारखं वाटलं. सायोको काचेवर टकटक करत होती. म्हटलं, आता सोडली तर बुडेल. ती म्हणाली, अहो, ती बुडालेलीच आहे. तुम्ही चला. एकदाच म्हणते, चला. मी म्हटलं, दोन मिनिटं. ती म्हणाली, मी निघते.

गेली. दादाला सांगेल, निघालोय म्हणून.

७.५०.
सायोकोचा फोन. गेले, म्हणाली.

मी गाडीतच होतो. विचारलं, गाडीचं विचारलं का त्याने? हो, म्हणाली. काय विचारलं? झाली का, एवढंच. मग तू? नाही म्हटलं. मग तो? ती म्हणाली, बरं, असं म्हणाले. मग थोडं हसले.

शेवटपर्यंत त्याचा जीव गाडीत होता.

२८ नोव्हेंबर. रात्री.
ट्रेनने गेलो. अडीच तास लागले. सायोको म्हणाली होती तेवढेच.

शुश्रूषागृहाच्या दारात चपला बदलायच्या असतात. पाहुण्यांसाठी हिरव्या, सगळ्यांना सारख्या. फडताळात एक निळा जोड वेगळा होता, त्यावर कागदाची पट्टी, सायोको. नर्सने तिला नावाने हाक मारली. म्हणाली, आज गुरुवारी आलात, तेव्हाच कळलं.

म्हणजे गाण्याचा वर्ग नव्हता. आठ बुधवार.

परतताना तिला विचारलं, का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, तुम्ही आला असतात.

नीट विचार केला. घराण्यातर्फे कुणीतरी जायला हवं होतं. मी कामात होतो. तिने माझी बाजू सांभाळली. मला न सांगता सांभाळली, म्हणजे मला ओशाळं वाटू नये म्हणून. समजूतदार आहे.

मी हिरव्या चपला घातल्या. एक नंबर लहान होत्या.

२ डिसेंबर, सोमवार.
अंत्यविधी झाले. हाडं वेचताना वहिनींच्या समोर मी होतो. दोघांनी मिळून एकेक हाड काड्यांनी उचलायचं असतं. माझा पाय हलत होता, त्यामुळे हात हलला आणि एक तुकडा ताटात पडला. वहिनी म्हणाल्या, असू दे भावोजी, मी घेते. मग त्यांनी आणि सायोकोने उचललं.

वहिनी गाडी तेशिमाला द्यायचं म्हणतात. मला विचारलं, चालेल ना? म्हटलं, सातव्या दिवसानंतर.

४ डिसेंबर, बुधवार. दुपारी ३.
सातवा दिवस.

देऊळ आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, म्हणून नंतरचं जेवण आमच्याकडे. तेशिमा सकाळीच आला होता, सुके प्लग आणि भरलेली बॅटरी बसवून गाडी फाटकाशी न्यायच्या तयारीत ठेवली. चावी आतच होती.

भटजींनी दीड तास सूत्रं म्हटली. गुडघे मोडून बसलो होतो. आजकाल सगळे खुर्च्या मागतात, मी मागितली नाही. धाकट्या भावाने बसायला हवं तसं बसलो. उठताना उजवा पाय नाही. आहे, पण नाही. मांडीपासून खाली लाकूड. सायोकोने एका बाजूने धरलं, तेशिमाने दुसऱ्या, आणि तसंच घरापर्यंत आणलं. दारात पाहुण्यांची गर्दी, चपलांचा ढीग. तेशिमा म्हणाला, साहेबांना इथेच टेकवू. गाडीचं दार उघडून मला आत ठेवलं आणि ते दोघे पाहुणे बघायला गेले.

पाय धपकन पेडलवर पडला. तळापर्यंत गेला. तिथून घसरून बाजूला. मी उचलायला गेलो तर उचलेना. हातांना मात्र रोजची सवय. डाव्याने चोक ओढला, उजव्याने चावी.

पहिल्याच फिरकीला झाली.

आधी मला कळलं नाही. इतकी हळू गुणगुणत होती. मग पडवीच्या काचा वाजायला लागल्या आणि घरातून माणसं बाहेर आली. हातात पेले, तोंडात घास. वहिनी मोजे घातलेल्या पायांनी अंगणात धावत आल्या. तोंडावर हात. दोन पेले घेतले होते त्यांनी, सात दिवस झोप नव्हती. म्हणाल्या, झाली! मग म्हणाल्या, देवा, बरं झालं बाई, गेल्या आठवड्यात नाही झाली.

तेशिमा छपराकडे बघायला लागला.

मी विचारलं, वहिनी, का?

सायोको म्हणाली, वहिनी, आत चला. वहिनी म्हणाल्या, नाही गं, सांगते. सांगायलाच हवं. खिडकीशी आल्या. म्हणाल्या, भावोजी, त्यांना शांतपणे जायचं होतं हो. तुम्ही रोज दहा ते सहा येऊन बसायचात. नको कसं म्हणायचं कळेना. मियोशीला गेलो तर तुम्ही तिथेही आला असता. मग ह्यांनीच युक्ती काढली. म्हणाले, तात्सुओला गाडी देऊ, त्याच्याच्याने ती जन्मात चालू व्हायची नाही, दोन महिने निघतील. ती पहिल्यांदा धरली ना दहा सेकंद, त्या दिवशी ह्यांना झोप आली नाही. मग पाच सांगितलं. मग सात. मी म्हणत होते, अहो नका. ते म्हणाले, हे एकच औषध लागू पडतंय मला.

मग त्या वाकल्या. अगदी कमरेपासून, दारात आलेल्या पाहुण्याला वाकावं तशा. म्हणाल्या, फार कष्ट घेतलेत तुम्ही आमच्यासाठी. एक दिवस चुकवला नाहीत. तुमच्यामुळे ते सुखाने गेले.

मीही वाकलो, बसल्या जागी. काय म्हणायचं असतं ते म्हटलं. छे छे, त्यात काय.

दहा ते सहा हे तितकंसं खरं नाही. मधे एक ते तीन मी घरी असायचो.

सायोको वहिनींना आत घेऊन गेली. पाहुणे गेले. तेशिमा शेवटी गेला. जाताना खिडकीतून म्हणाला, साहेब, आता बंद करू नका हां, पंधरा मिनिटं तरी. माझ्याकडे बघून नाही, मीटरकडे बघून म्हणाला. ओरिताबाई त्यांच्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या. आज पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

इंजिन चांगलं चाललं होतं. एकसारखं. दादाने चूक काढली नसती. आत कुणीतरी हसलं, मग कुणीतरी त्याला गप्प केलं. ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मला कुणी हाक मारली नाही. मियोशीचा रस्ता मला पाठ आहे, नकाशावर किती वेळा बघितलाय. तिथे आता कुणी नाही. होतं तेव्हाही माझ्यासाठी नव्हतं.

पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. तो आता हलणार हे कळत होतं.

बंद करणं मला पहिल्या दिवसापासून जमत होतं. बंद केली.